शनिवारचे पान आणि कोलकात्याचा खंदक

आमचे इतिहासाचे सर दर शनिवारी पालकांसाठी एक पान लिहितात. संध्याकाळच्या खेळाच्या तासाआधी ते पान वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर जाते. पानात गुण नसतात, तक्रारी नसतात, फीची आठवणही नसते. त्यात फक्त त्या आठवड्याचा इतिहासाचा तास असतो. रविवारी घरून फोन येतो तेव्हा आई-वडिलांनी ते पान वाचलेले असते. त्यामुळे 'काय शिकलास?' या प्रश्नाला 'बाजीराव झाला' एवढे उत्तर देऊन सुटका होत नाही.

या पानाबद्दल लिहायचे ठरवले ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे असे पान कसे चालते आणि त्याचा उपयोग काय, हे इतर तुकड्यांतल्या कॅडेटांना व पालकांना कळावे. दुसरे म्हणजे या पानामुळे कोलकाता शहर आणि आपला मराठ्यांचा इतिहास यांचा जो संबंध समोर आला, तो आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. आपल्यातले बरेच जण उद्या गणवेशात महाराष्ट्राबाहेर जाणार आहेत.

पानाची रचना

पान एकच असते आणि त्याचे चार भाग असतात. पहिल्या भागात आठवड्यात वर्गात काय झाले ते आठ-दहा ओळींत दिलेले असते. दुसऱ्या भागात एक पुरावा असतो. तो नकाशा असेल, एखाद्या पत्राचा सारांश असेल, नाहीतर नाण्याचे चित्र असेल. तिसऱ्या भागाचे नाव 'घरी विचारा'. त्यात मुलाने घरच्यांना किंवा घरच्यांनी मुलाला विचारायचा एकच प्रश्न असतो. चौथ्या भागात पुढच्या आठवड्यात काय येणार ते दोन ओळींत सांगितलेले असते.

उदाहरण घेऊ. १७२८ ची पालखेडची मोहीम शिकवली त्या आठवड्यात पुरावा म्हणून नकाशा होता. बाजीरावाने निजामाला अवजड तोफखान्यापासून दूर खेचून पालखेडजवळ कसे कोंडले, ते त्यात बाणांनी दाखवले होते. प्रश्न होता, 'निजामाच्या राज्याची एखादी आठवण तुमच्या घरात सांगितली जाते का? ती कोणी सांगितली?' नांदेडच्या एका कॅडेटच्या आजोबांनी त्यावर रझाकारांच्या काळातली हकिगत फोनवर सांगितली. ती सोमवारी वर्गात वाचली गेली. पालखेड आणि १९४८ यांच्यात दोनशे वीस वर्षांचे अंतर आहे. पण त्या आजोबांमुळे हैदराबादचे राज्य किती काळ टिकले आणि ते कसे संपले, हे आमच्या नीट लक्षात राहिले.

पालकांच्या सभेत एका काकांनी विचारले होते की असे पान गणिताचे का नाही. सर म्हणाले, गणित घरात आधीपासून नसते, इतिहास असतो. त्रिकोणाच्या कोनांबद्दल कोणाच्या आजीचे वेगळे मत नसते. पण राजे, लढाया, लुटी, दुष्काळ, फाळणी यांच्याबद्दल प्रत्येक घरात काहीतरी बोलले जाते. मूल वर्गात एक ऐकते आणि घरी दुसरे. दोन्ही एकमेकांना भेटलेच नाहीत तर मूल परीक्षेत वर्गातले लिहिते आणि आयुष्यभर घरातले मानते. पान लिहिण्याचे खरे कारण हे आहे.

कोलकात्यातला आठवडा

माझे वडील सध्या कोलकात्यात नेमणुकीवर आहेत. लष्कराच्या पूर्व कमांडचे मुख्यालय तिथल्या फोर्ट विल्यममध्ये आहे. या किल्ल्याचे नाव आता 'विजय दुर्ग' झाले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ही बातमी वर्तमानपत्रांत आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून हे नाव घेतलेले आहे. किल्ल्याच्या सेंट जॉर्जेस गेटचेही नाव बदलून 'शिवाजी गेट' करण्यात आले.

या नावामागे एक योगायोग आहे आणि तो कॅडेटांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. विजयदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे होते. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी ते तुळाजी आंग्र्यांकडून जिंकले. पेशव्यांनीही या कामी इंग्रजांना साथ दिली होती. त्याच वर्षी जूनमध्ये नवाब सिराजुद्दौल्याने कोलकाता घेतले. ते परत मिळवायला मद्रासहून जे दोन सेनानी गेले ते हेच, वॉटसन आणि क्लाइव्ह. १७५७ च्या जानेवारीत त्यांनी कोलकाता परत घेतले आणि जूनमध्ये प्लासीची लढाई झाली. आजचा फोर्ट विल्यम प्लासीनंतर नव्याने बांधलेला आहे. म्हणजे ज्यांनी कोकणातला विजयदुर्ग पाडाव केला, त्यांच्याच विजयानंतर उभ्या राहिलेल्या किल्ल्याला आज विजय दुर्ग म्हणतात.

आम्हा मराठी मुलांना या बातमीने आनंद झाला, आणि तसा तो होणे साहजिक होते. पण कोलकात्यात मराठ्यांची आणखी एक आठवण आहे आणि ती पाटीवर नाही. ती लहान मुलांना झोपवताना म्हणायच्या गाण्यात आहे. बंगालमधल्या बहुतेक घरांत हे गाणे ठाऊक असते. त्याचा आशय असा, की मूल झोपले, वस्ती शांत झाली आणि देशात बर्गी आले. धान पाखरांनी खाल्ले, आता सारा कुठून भरायचा? या गाण्यातले बर्गी म्हणजे मराठे. आपल्याकडे मुलाला बागुलबोवाची भीती घालतात, तशी तिकडे बर्गींची घालत.

सरांनी ज्या शनिवारी बंगालवरच्या स्वाऱ्यांचे पान पाठवले, त्या शनिवारी माझ्या आईने ते कोलकात्यात वाचले. 'घरी विचारा' या भागातला प्रश्न होता, 'आपल्या माणसांबद्दल दुसऱ्या प्रांतात काय सांगितले जाते, ते तुम्ही कधी ऐकले आहे का?' आईने तो प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकीमांना हिंदीत विचारला. त्यांचे माहेर कटवा भागातले. त्यांनी गाणे म्हणून दाखवले, अर्थ सांगितला आणि मग विचारले, 'तुमच्याकडच्या शाळेत हे शिकवतात का?' आई म्हणाली, 'हो, याच आठवड्यात शिकवले.' हे उत्तर तिला देता आले ते पानामुळे. पान नसते तर तिला एकतर गप्प बसावे लागले असते, नाहीतर बाजू घ्यावी लागली असती.

प्रत्यक्षात काय घडले

पानातला पहिला भाग मी इथे थोडा वाढवून देतो.

१७४० मध्ये अलीवर्दीखानाने गिरियाच्या लढाईत नवाब सरफराजखानाला मारून बंगाल, बिहार व ओरिसाची सत्ता घेतली. दिल्लीची बादशाही तेव्हा दुबळी झाली होती. नागपूरचे रघूजी भोसले या प्रांतांवर चौथाईचा हक्क सांगत होते. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. १७४२ मध्ये रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, मोठ्या घोडदळासह बंगालमध्ये शिरले. अलीवर्दीविरुद्ध असलेला मीर हबीब त्यांना मिळाला. त्याला मुलुखाची खडान्‌खडा माहिती होती. राजधानी मुर्शिदाबादवर छापा पडला आणि जगत्शेठांची पेढी लुटली गेली. कटवा हे मराठ्यांचे ठाणे झाले. त्या वर्षी जवळच्या दाइँहाट येथे भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली. पूजा चालू असतानाच अलीवर्दीने अचानक हल्ला करून त्यांना हुसकले.

पुढच्या वर्षी गुंतागुंत वाढली. रघूजी स्वतः आले आणि पेशवे बाळाजी बाजीरावही आले, पण रघूजींच्या विरुद्ध. बादशहाच्या वतीने रघूजींना हाकलण्याचे काम पेशव्यांनी पत्करले आणि त्याबद्दल अलीवर्दीकडून पैसे घेतले. म्हणजे मराठ्यांची दोन सैन्ये बंगालच्या भूमीवर एकमेकांसमोर उभी होती. 'मराठे' असा एकच शब्द वापरला की ही गोष्ट दिसत नाही.

१७४४ मध्ये अलीवर्दीने भास्करपंतांना तहाच्या बोलण्यासाठी मनकरा येथे बोलावले आणि तंबूत त्यांच्या सरदारांसह त्यांची हत्या करवली. त्यानंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. नवाबाने दरसाल १२ लाख रुपये चौथाई द्यायची आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही, असे ठरले. ओरिसाचा महसूल भोसल्यांकडे गेला आणि पुढे तो प्रांतच त्यांच्या ताब्यात आला. तो १८०३ मध्ये देवगावच्या तहाने इंग्रजांकडे गेला.

जवळजवळ दहा वर्षे हे चालले. भागीरथीच्या पश्चिमेकडचा मुलूख, म्हणजे बर्दवान, बीरभूम, बांकुडा, मेदिनीपूर, सगळ्यात जास्त भरडला गेला. गावे जळाली, लोक नदी ओलांडून पूर्वेकडे पळाले. विणकर आणि रेशीम कारागीर देशोधडीला लागले.

कोलकात्यात तेव्हा इंग्रजांची वखार होती. शहराच्या संरक्षणासाठी तिथल्या रहिवाशांनी १७४३ मध्ये खंदक खणायला सुरुवात केली. तो सात मैल लांब व्हायचा होता. सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबले, कारण मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. या खंदकाला 'मराठा डिच' म्हणतात. पुढे १७९९ च्या सुमारास तो बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड केला गेला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे.

'बर्गी' शब्द कुठून आला

हा भाग लष्करी शाळेसाठी महत्त्वाचा आहे. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा आणि हत्यारे स्वतःची तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत तो बारगीर. 'बारगीर' या फारसी शब्दाचेच बंगालीत 'बर्गी' झाले. म्हणजे आपल्याकडे जो शब्द सैन्यातला साधा दर्जा सांगतो, तोच शब्द तिकडे भीतीचे नाव झाला.

असे का झाले, याचे उत्तर पुरवठ्यात आहे. नागपूरहून निघालेले घोडदळ शेकडो मैल दूर होते. मागून धान्य येण्याची सोय नव्हती आणि पगार बऱ्याचदा मिळणाऱ्या चौथाईवर अवलंबून असे. अशी फौज मुलुखावर जगते. चौथाई मिळाली नाही तर ती मुलूख लुटते. शिवाजी महाराजांनी आपल्या अधिकाऱ्यांना घालून दिलेली शिस्त आम्ही आठवीत शिकलो. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ही त्यांची ताकीद प्रसिद्ध आहे. महाराज १६८० मध्ये गेले. बंगालवरची पहिली स्वारी १७४२ ची. या दोहोंत ६२ वर्षे गेली आणि सैन्य कसे पोसायचे याची सगळी घडी बदलली. आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला. एका गटाचे म्हणणे होते की त्या काळी सगळेच लुटत. दुसऱ्या गटाने विचारले की मग महाराजांची ताकीद मोठी का मानायची? ती मोठी मानायची असेल तर ती जिथे पाळली गेली नाही त्या जागेलाही नाव द्यावे लागते. दुसऱ्या गटाला वर्गात उत्तर मिळाले नाही.

पुरावा कोणाचा

पानाच्या दुसऱ्या भागात सरांनी त्या आठवड्यात 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्याची माहिती दिली. हे गंगाराम नावाच्या कवीने लिहिलेले आहे आणि त्याच्या हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१ च्या आसपासची नोंद आहे. कवीने स्वाऱ्यांच्या काळातच लिहिले, म्हणून ते मोलाचे. त्यात अत्याचारांची वर्णने आहेत आणि ती वाचवत नाहीत. पण कवीची मांडणी एकाच बाजूची नाही. सुरुवातीला लोकांची पापे वाढल्यामुळे देवच मराठ्यांना पाठवतो. पुढे मराठ्यांचे अत्याचार पाहून देवी त्यांच्यावर कोपते आणि भास्करपंतांचा अंत होतो. म्हणजे कवी राज्यकर्त्यांना आणि हल्लेखोरांना, दोघांनाही दोष देतो.

झोपवण्याच्या गाण्यातही हेच आहे. त्यात बर्गींच्या भीतीबरोबर साऱ्याची चिंता आहे. धान गेले तरी सारा भरावाच लागत होता. स्वाऱ्या चालू असताना अलीवर्दीलाही सैन्यासाठी पैसा हवाच होता. शेतकरी दोन मागण्यांच्या मध्ये सापडला होता.

आणि त्याच मराठ्यांची ओरिसातली आठवण वेगळी आहे. भोसल्यांच्या राजवटीत जगन्नाथाच्या यात्रेची व मंदिराची व्यवस्था लावली गेली. पुरीच्या मंदिरासमोरचा अरुणस्तंभ त्याच काळात कोणार्कहून आणून उभारला. बर्दवानच्या घरात एक मराठा आहे, पुरीच्या घरात दुसरा आणि नागपूरच्या घरात तिसरा. तिन्ही खरे आहेत. एकाच घरात बसून मात्र ते तिन्ही दिसत नाहीत.

हेच काम शंभर वर्षांपूर्वी करणारा शिक्षक

सरांच्या पानासारखे काम कोलकात्यात एका मराठी माणसाने फार पूर्वी केले होते. त्यांचे नाव सखाराम गणेश देऊस्कर. त्यांचा जन्म १८६९ मध्ये देवघरजवळच्या करों गावी झाला. घराणे मूळचे महाराष्ट्रातले, पण बऱ्याच काळापासून तिकडेच स्थायिक झालेले. आई लहानपणीच गेली आणि आत्याने त्यांना वाढवले. घरात मराठी आणि बाहेर बंगाली अशा दोन भाषांत ते वाढले. शिकले त्याच देवघरच्या शाळेत १८९३ मध्ये ते शिक्षक झाले.

तिथल्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर त्यांनी कोलकात्याच्या 'हितवादी' या बंगाली साप्ताहिकात लेख लिहिले आणि त्यापायी त्यांना शाळा सोडावी लागली. मग ते कोलकात्याला आले आणि 'हितवादी'मध्येच मुद्रितशोधक म्हणून लागले. पुढे ते त्याच साप्ताहिकाचे संपादक झाले. शिक्षकाचा वर्ग गेला, पण आता दर आठवड्याला बंगालमधली हजारो घरे त्यांच्यासमोर होती.

त्यांनी दोन मोठी कामे केली. पहिले म्हणजे मराठ्यांचा इतिहास बंगाली वाचकांना सांगितला. बाजीराव, न्यायमूर्ती रानडे आणि शिवाजी महाराज यांच्यावर त्यांनी बंगालीत लिहिले. १९०२ मध्ये कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९०४ मध्ये त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथ टागोरांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता दिली. १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक कोलकात्याला गेले होते. ज्या प्रांतात आई मुलाला बर्गींची भीती घालत होती, तिथे एका मराठी माणसाने शिवाजी महाराजांचा आदर रुजवला. हे काम किती अवघड होते, ते गाणे ऐकल्यावर कळते. बंगाली वाचकाने ते ऐकून घेतले, कारण देऊस्कर त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलत होते आणि त्याची दुःखेही मांडत होते.

ते त्यांचे दुसरे काम. १९०४ मध्ये त्यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक निघाले. इंग्रजी राजवटीत इथले उद्योग कसे बुडाले, शेतकरी कसा खंगला, पैसा कसा बाहेर गेला, याचा हिशेब त्यात होता. दादाभाई नवरोजी, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांनी इंग्रजीत जे मांडले होते ते आणि सरकारी अहवालांतले आकडे त्यांनी साध्या बंगालीत आणले. जो हिशेब फक्त इंग्रजी जाणणाऱ्यांना कळत होता, तो दुकानदाराला आणि गृहिणीला कळू लागला. स्वदेशी चळवळीच्या तयारीत या पुस्तकाचा वाटा फार मोठा होता, असे श्री अरविंदांनी नोंदवले आहे. १९१० मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकाचा हिंदी अनुवाद बाबूराव विष्णू पराडकरांनी केला. ते देऊस्करांचे भाचे आणि पुढे वाराणसीच्या 'आज' दैनिकाचे नामवंत संपादक.

१९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये फूट पडली तेव्हा 'हितवादी'च्या चालकांना टिळकांविरुद्ध लेख हवे होते. देऊस्करांनी नकार दिला आणि संपादकपद सोडले. राष्ट्रीय शिक्षण परिषदेने काढलेल्या कॉलेजात त्यांनी बंगाली आणि भारतीय इतिहास शिकवला. आजचे जादवपूर विद्यापीठ त्याच परिषदेतून वाढले. १९१२ मध्ये अवघ्या ४२ व्या वर्षी ते वारले. दोनदा त्यांची नोकरी गेली आणि दोन्ही वेळा कारण एकच होते. पटत नाही ते लिहायचे नाही आणि दिसते ते लपवायचे नाही.

दोन मित्रांची पत्रे

कोलकाता आणि महाराष्ट्र यांच्यातला दुसरा दुवा म्हणजे सर जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची मैत्री. सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राजपुत्रांचे शिक्षक होते. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच त्यांची 'रियासत' उभी राहिली. म्हणजे तीही एका अर्थाने शिक्षकाची पाने आहेत. जदुनाथ १९२६ ते १९२८ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर मूळ कागद वाचता आले पाहिजेत, म्हणून ते मराठी शिकले.

१९०४ पासून पुढे अर्धशतक या दोघांचा पत्रव्यवहार चालला. कागद कुठे मिळाला, तारीख जुळते का, अमुक ठिकाण नकाशात कुठे, असे प्रश्न ते एकमेकांना विचारत. जदुनाथांनी शिवाजी महाराजांवर १९१९ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यातली काही मते पुण्याच्या संशोधकांना पटली नाहीत आणि वाद झाले. बंगालवरच्या स्वाऱ्यांबद्दल लिहिताना त्यांनी अत्याचार झाकले नाहीत. तरी सरदेसाईंशी त्यांची मैत्री तुटली नाही. पेशवे दप्तरातून सरदेसाईंनी निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, त्या कामामागे जदुनाथांचा आग्रह व मदत होती. कोलकात्यात त्यांचे राहते घर आता 'जदुनाथ भवन' म्हणून जपलेले आहे.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वाद मिटवायला दोघांपैकी कोणी आपला प्रांत सोडला नाही. त्यांनी एकमेकांना कागद दाखवले.

आपण काय करू शकतो

साप्ताहिक पान सर्व शिक्षक लिहू शकणार नाहीत. कॉपी तपासणे, परेड, ड्यूटी यांतून वेळ काढणे सोपे नाही. पण कॅडेट ते लिहू शकतात. आमच्या वर्गात आता दर आठवड्याला दोन कॅडेट कच्चे पान तयार करतात आणि सर ते तपासून पाठवतात. त्यासाठी आम्ही चार नियम केले आहेत. इतर तुकड्यांना ते उपयोगी पडतील.

पहिला नियम, तारीख आणि ठिकाण लिहिल्याशिवाय वाक्य पुरे करायचे नाही. 'मराठ्यांनी बंगाल लुटला' हे अर्धे वाक्य आहे. कोणत्या मराठ्यांनी, कोणत्या साली, कोणत्या भागात, हे आले की ते पूर्ण होते.

दुसरा नियम, पुरावा कोणाचा ते सांगायचे. गंगाराम, कंपनीचे कारकून आणि नागपूरचे दरबारी एकाच घटनेबद्दल वेगवेगळे लिहितील. वाचकाला ते वेगळेपण दिसले पाहिजे.

तिसरा नियम, आपली बाजू कमी दिसेल म्हणून काही गाळायचे नाही आणि दुसऱ्याची बाजू कमी दिसावी म्हणून काही भरायचे नाही. भास्करपंतांच्या फौजेने गावे जाळली हे लिहायचे आणि तहाला बोलावून त्यांची हत्या झाली हेही लिहायचे.

चौथा नियम, प्रश्न असा विचारायचा की घरच्या माणसाला काहीतरी सांगता यावे. 'प्लासीची लढाई कधी झाली?' हा प्रश्न परीक्षेचा आहे. 'आपल्या गावातून लांबच्या लढाईला कोणी गेले होते का?' हा प्रश्न घरचा आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. 'घरी विचारा'चे उत्तर दोन ओळींचे असले तरी पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. जे वडील सीमेवर आहेत त्यांनी सुट्टीत सांगितले तरी चालेल.

आपल्यापैकी कोणाची नेमणूक उद्या बर्दवान, मेदिनीपूर किंवा कटक भागात होईल. छातीवरच्या पाटीवर भोसले, कोल्हटकर, आंग्रे असे आडनाव असेल. पुराच्या वेळी एखाद्या गावात शिरलो, तर तिथली म्हातारी ते आडनाव ऐकून काहीतरी आठवेल. तिला काय आठवले ते आपल्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. म्हणजे तिच्याशी भांडायची किंवा खाली पाहायची वेळ येणार नाही. नाव सांगायचे आणि होडीत चढायला तिला हात द्यायचा.